तिसरा चौकोन

काळेबैल गावात वेदावती हेगडे हे नाव फक्त रेशनकार्डावर होतं. गावाच्या तोंडी ती तारेची वेदक्का. गोठ्याच्या कौलांवर तिनं एक थाळी बसवून घेतली होती, परातीएवढी, तोंड समोरच्या डोंगरावरच्या मनोऱ्याकडं. तिथून निघालेली काळी तार गोठ्याचं आढं धरून, न्हाणीघराच्या भिंतीवरून, खिडकीच्या गजातून आत यायची आणि शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर ठेवलेल्या संगणकात शिरायची. माकडं ती तार वर्षातून चार वेळा तोडत. वेदक्का पदर खोचून शिडीवर चढे, तार जोडी आणि उतरताना माकडांचा सात पिढ्यांसकट उद्धार करी.

संगणक तिला कुणी शिकवला नव्हता. दिरानं बंगळुरात नवा घेतला तेव्हा जुना पोत्यात बांधून गावी पाठवला, भंगारात घाला म्हणून. वेदक्कानं तो भंगारात घातला नाही. सुपारी सोलायच्या दिवसांत, विळ्यापुढं बसून ढिगामागून ढीग सोलताना ती मनात एकच प्रश्न घोळवी, काल तो बंद का पडला? हात धुवून उठली की खिडकीशी जाऊन एक गोष्ट बदलून बघे. एका वेळी एकच. दोन बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही, हे ती कैरीची अप्पेहुळी करताना शिकली होती. मीठ आणि मिरची एकदम वाढवली की चव बिघडली कशानं ते शोधत बसावं लागतं. जे चुकलं, जे जमलं, ते ती वहीत लिहून ठेवी. अशा तीन वह्या भरल्या होत्या. त्यांचा तिला दागिन्यांहून जास्त अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

फणसाचे पापड करणाऱ्या बायकांचं पान इंटरनेटवर तिनंच चढवलं. वीरभद्राच्या देवळाचं पानही तिचंच. उत्सवाच्या तिथ्या, देवळाच्या यक्षगान मेळाचे खेळ कुठं कधी, नवसाचा खेळ कुणी बोलला, सगळं त्या पानावर. आठ वर्षं कुणी एका शब्दानं बोट दाखवलं नव्हतं. यंदाच्या आश्विनात मात्र ते पान तिच्या गळ्याशी आलं.

वीरभद्राचा मेळ दिवाळीनंतर बाहेर पडतो आणि पावसाची आगोट लागेपर्यंत गावोगाव यक्षगान करत फिरतो. मेळात नट पुष्कळ, पण मेळ चालतो तो भागवताच्या, म्हणजे मुख्य गायकाच्या, गळ्यावर. त्यानं पद उचललं की राजा उठतो, त्यानं ताल धरला की राक्षस नाचतो. रामय्य भागवतांचा गळा यंदा बसला तो सुटलाच नाही. त्यांनी आपण होऊन टाळ देवापुढं ठेवला. जागेसाठी तिघांनी नावं दिली. सिद्दापूरकडचे सदानंद हेब्बार, वेदक्काचा नवरा सुब्राय हेगडे आणि माबला गौडा.

माबला हा गावातला सुपारीच्या झाडांवर चढणारा. पायात दोरीचा फास, खांद्यावर बसायची फळी, कमरेला कोयती आणि घोस खाली सोडायचा दोर, त्याचं दुसरं टोक खालच्या माणसाच्या हातात. एका झाडाच्या शेंड्यावर बसून झाड हलवत हलवत दुसऱ्याचा शेंडा धरायचा आणि जमिनीला पाय न लावता अख्खी बाग फिरायचा. वर असला की गात असायचा. वेदक्काच्या सासूबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, “आज माबला पाचव्या ओळीत आहे,” इतका तो आवाज नेमका खाली यायचा. तो शिकला होता मेळाच्या मागं फिरून, अंधारात बसून, रामय्य भागवतांचं तोंड बघून. टाळ कुणी त्याच्या हातात कधी दिले नव्हते.

मागच्या वेळी भागवत निवडताना देवळाच्या अंगणात गाणं ठेवलं होतं. ज्याचे पाहुणे जास्त त्याला टाळ्या जास्त पडल्या, आणि पुढं दोन वर्षं दोन घरांत येणंजाणं बंद झालं. म्हणून यंदा समितीनं ठरवलं की अंगण नको. तिघांनी आपापलं चित्रण द्यावं, वेदक्कानं ते देवळाच्या पानावर ठेवावं, आणि समितीच्या सात जणांनी नरसिंह भटांच्या घरच्या संगणकावर एका बैठकीत बघून निर्णय करावा. बैठक रविवारी ठरली.

मंगळवारी सकाळी नरसिंह भटांचा फोन आला. भट समितीचे अध्यक्ष, देवळाचे पुरोहित, वय सत्तरीच्या पुढं. सारा गाव त्यांना माव म्हणे.

“अगो वेदा, मी आधी एकदा उघडून बघितलं. रविवारी सगळ्यांपुढं घोटाळा नको म्हणून.”

“बरं केलंत माव. दिसलं ना?”

“हेब्बार दिसला. तुझा सुब्राय दिसला. चांगला दिसतो हो, उपरणंबिपरणं घेऊन. तिसरा दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणजे?”

“चौकोन आहे. राखाडी. मधे एक दुमडलेला कागद, त्याला रडकं तोंड.”

तेवढ्यात फोनवर दुसरा आवाज आला, सुपारी कातरल्यासारखा. तो श्रीपाद गावकरांचा, समितीच्या कार्यवाहांचा.

“काय वेदक्का, तुमच्या यजमानांचं पहिल्या झटक्यात चालतं आणि गौडाचंच रडतं का हो?”

“इथं माझ्याकडं चालतंय, गावकरभाव. आत्ता बघते.”

“तुमच्याकडं चालणारच. आम्हाला आमच्याकडं हवं आहे.”

वेदक्कानं पान उघडलं. तिन्ही चौकोन नीट. तिसऱ्यावर बोट दाबलं आणि माबलाचा आवाज खोलीभर पसरला. तिनं मोबाइलवर बघितलं. चाललं. सिरसीच्या वाचनालयात काम करणाऱ्या मावसबहिणीला फोन करून तिथल्या संगणकावर बघायला लावलं. ती म्हणाली, “चालतंय गं. कोण हा? किती गातो!”

म्हणजे पानात दोष नव्हता. दोष भटांच्या घरी होता. पण हे गावाला कोण सांगणार? आणि सांगितलं तर ऐकणार कोण?

एक गोष्ट खरी होती, आणि तीच तिला टोचत होती. तिन्ही चित्रणं तिनं एका पद्धतीनं ठेवली नव्हती. हेब्बार आणि सुब्राय यांची दहा-दहा मिनिटांची होती, ती तिनं देवळाच्या पानाच्या पोटातच ठेवली. माबलाचं त्याच्या बहिणीनं, तो घरच्या अंगणात एकटाच अख्खा खेळ गायला तेव्हा, मोबाइलवर घेतलं होतं, सलग तीन तासांचं. देवळाच्या पानाला एवढं पोट नव्हतं. म्हणून तिनं ते चित्रं ठेवायच्या एका मोठ्या साइटीवर चढवलं आणि देवळाच्या पानाला फक्त एक खिडकी पाडली, त्या साइटीकडं उघडणारी. हे तिनं माबलाला सांगितलं होतं. समितीला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगून काय कळणार होतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता तेच लपवल्यासारखं दिसत होतं.

ओसरीवर सुब्राय बसला होता, मांडीवर बोटांनी ताल मोजत. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“नाही दिसत तर नाही दिसत,” तो म्हणाला. “तू काय करणार? यंत्राचं काम.”

“तुम्ही गप्प बसा हो. नाव माझं जातंय.”

“नाव कसलं जातंय? कोण बोललं?”

“गावकरभाव बोलले. तुम्ही ऐकलंत.”

“श्रीपाद काय, सूर्य उगवला तरी विचारेल कुणी उगवला म्हणून.” त्यानं तबक पुढं ओढलं, पानाला चुना लावला आणि विषय तोंडात टाकून दिला. पण त्याची बोटं थांबली होती, ती पुन्हा मांडीवर आली नाहीत. वेदक्कानं ते बघितलं. वीस वर्षांच्या संसारात तो ताल मोजायचा थांबला की काहीतरी मनात धरून असतो, हे तिला ठाऊक होतं.

बुधवारी ती भटांच्या घरी गेली. गावकर तिच्या आधी येऊन बसले होते. माडीवरच्या खोलीत संगणक होता. मागच्या दसऱ्याला त्याची पूजा झाली होती, तिचं गंध अजून कडेला सुकून राहिलं होतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक गणपतीचं चित्र चिकटवलेलं, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं.

“हात लावायच्या आधी सांगायचं काय करणार ते,” गावकर तिच्या खांद्यामागं उभं राहून म्हणाले.

“पान पुन्हा ताजं करून घेते.”

“करा.”

केलं. तिसरा चौकोन राखाडीच. मग तिनं साठलेलं जुनं सगळं पुसलं.

“हे काय पुसलंत?”

“कचरा, भाव. ब्राउझर जुनी पानं साठवून ठेवतो. कधी कधी तीच दाखवत बसतो.”

“गौडाचं पुसलं नाहीत ना?”

“ते इथं नाहीच तर पुसणार कुठून?”

“इथं नाही?” गावकरांनी भटांकडं बघितलं. “ऐकलंत माव? गौडाचं इथं नाहीच म्हणते.”

तिनं सांगायचा प्रयत्न केला, पोट आणि खिडकी वगैरे. बोलता बोलता तिलाच ते कारस्थानासारखं ऐकू येऊ लागलं. दोघांना घरात बसवलं आणि तिसऱ्याला खिडकीबाहेर उभं केलं, असाच त्याचा अर्थ होत होता. गावकर मान डोलावत ऐकत राहिले. पोलीसही असेच मान डोलावतात.

तिनं दुसरा ब्राउझर उघडून बघितला. तिथंही रडका कागद. म्हणजे ब्राउझरचा दोष नव्हता. जाहिराती अडवणारं काही मधे बसलंय का ते बघितलं, नव्हतं. तार बघितली. तार ठीक होती, देवळाचं पान येत होतं ते तिच्यातूनच. एकेक करून सगळी दारं तिनं ठोठावली आणि प्रत्येक ठिकाणी कुणीच नव्हतं. भट खुर्चीत बसून तिच्याकडं बघत होते, आणि मधेच त्यांची नजर त्या गणपतीवर जाऊन परत येत होती. देवाकडं बघणाऱ्या माणसाची नजर अशी चोरटी नसते, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. पण पुरोहिताच्या घरात गणपतीबद्दल विचारणार काय?

“रविवारपर्यंत चाललं नाही,” गावकर जिना उतरताना म्हणाले, “तर दोघांचंच बघून ठरवावं लागेल. नियम आहे. मग गाव काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा.”

गाव म्हणायचं थांबलंच नव्हतं. दूध घालायला गेली तर डेअरीत बायका एकदम गप्प झाल्या. पापडवाल्या बायकांपैकी एकीनं हसत विचारलं, “वेदक्का, आमच्या पापडांचं पान तरी आम्हाला दिसतं तेच गिऱ्हाइकाला दिसतं ना गं?” हसत विचारलं खरं. पण आठ वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

आणि वेदक्कालाही आता सगळ्यांतच संशयाचा वास येऊ लागला. गावकर तिच्या आधी भटांकडं कसे पोचले? हेब्बार त्यांच्या सुनेच्या माहेरचे लागतात, हे तिला आठवलं. भट गणपतीकडं का बघत होते? आणि सुब्राय, जो एरवी तिनं मिक्सर दुरुस्त केला तरी चार प्रश्न विचारतो, त्यानं याबद्दल एकही प्रश्न का विचारला नव्हता?

शुक्रवारी माबला बागेत आला. औषधाच्या फवाऱ्याचं काम राहिलं होतं. काम सुरू करायच्या आधी तो अंगणात उभा राहिला. ओसरीला कधी चढत नसे, तसाच आजही खाली.

“वेदक्का.”

“ये रे माबला. काढा देऊ, दूध-गूळ घालून?”

“नको. एक विचारू?”

“विचार.”

“माझंच का?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

“नाही, तुम्ही केलंत असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात. मी म्हटलं, वेदक्कांनी चार वेळा माझ्या बहिणीला बोलावून ते चढवून घेतलं. ज्याला पाडायचं त्याला कुणी एवढं चढवतं का?” तो थोडं हसला. “पण अक्का, वर झाडावर बसलं की माणूस पुष्कळ विचार करतो. खाली दोर कोण धरून आहे, तेच बघत राहतो.”

“तुझा दोर मी धरलाय?”

“रविवारपर्यंत तुम्हीच.”

तो फळी खांद्यावर टाकून बागेत गेला. त्या दिवशी वरून गाणं आलं नाही. सासूबाई दोनदा म्हणाल्या, “माबला कुठल्या ओळीत आहे गं आज? कळतच नाही.”

संध्याकाळी वेदक्का कॅलेंडरासमोर उभी राहिली. रविवारी नणंदेकडं मुंजीची बोलणी होती, ती पुढं ढकलायला हवी होती. कॅलेंडराच्या खिळ्याला मुहूर्ताची चिठ्ठी टोचलेली होती. दहा दिवसांपूर्वी सुब्रायनं ती भटांकडून आणली होती. भट हल्ली मुहूर्त संगणकावरूनच काढून देत. त्यांच्या भाच्यानं त्यांना पंचांगाची एक प्रणाली बसवून दिली होती, आणि ते मंत्र म्हटल्यासारखे ती चालवत. वर मुलाचं नाव, नक्षत्र, लग्न, गुरुबळ, सगळं छापील. तिनं चिठ्ठी हातात घेतली. खाली अगदी बारीक अक्षरात छापल्याचा दिवस होता.

तो दिवस दोन वर्षांपूर्वीचा होता.

तिनं चिठ्ठी उजेडात नेली. महिना बरोबर नव्हता, वर्ष बरोबर नव्हतं. चुकून पडलेला आकडा नव्हता, अख्खी तारीख मागं होती. ती खाटेवर बसली आणि वह्या काढल्या. दुसऱ्या वहीत, चार वर्षांपूर्वीच्या एका पानावर, तिच्याच अक्षरात होतं: “बॅटरी संपली. तारीख मागं गेली. बँकेचं पान उघडेना. तारीख लावली, उघडलं.”

सगळं एका क्षणात तिच्या समोर उभं राहिलं. ती मोठी साइट दार उघडायच्या आधी आपलं ओळखपत्र दाखवते आणि घरचा संगणक त्यावरची मुदत वाचतो. भटांच्या संगणकाच्या मते आज दोन वर्षांपूर्वीचा दिवस. त्या दिवशी हे ओळखपत्र जन्मालाच आलेलं नव्हतं. म्हणून तो दार बंद करून घेत होता. देवळाचं पान जुनं, साधं, त्याला कसलं ओळखपत्र नाही, म्हणून ते उघडत होतं आणि त्याच्या पोटातली दोघं गात होती. आणि तारीख दिसते कुठं? पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली. जिथं गणपती बसला होता.

तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ भीती. शनिवारी जाऊन गुपचूप तारीख लावली तर रविवारी चौकोन उघडेल. पण गावकर म्हणतील, बोंब मारल्यावर उघडलं बघा, तिनंच बंद केलं होतं. सगळ्यांपुढं लावली तर भट उघडे पडतील. ज्या माणसानं तिच्या स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त दिला, ज्याच्या शब्दावर गावातली घरं बांधली जातात, त्याच्याच घरात दिवस खोटा. शिवाय तो कुणी मागं नेला आणि कशासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं. भटांनी मुद्दाम नेला असेल तर?

तिनं चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली. सुब्राय दारात उभा होता.

“काय शोधतेस?”

“नणंदेचा मुहूर्त.”

“ती चिठ्ठी?” त्याची नजर खिळ्याकडं गेली. “असू दे खिळ्यालाच. हरवेल.”

रविवारी सकाळी भटांच्या माडीवर सात जण बसले. तबक फिरलं, काढा झाला. वेदक्का संगणकापुढं बसली, आणि पाठीवर सात जणांची नजर तिला फवाऱ्याच्या पाण्यासारखी जाणवत होती. हेब्बारांचं झालं. सुब्रायचं झालं. सुब्राय चांगला गायला होता, घासूनपुसून. मग तिनं तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. रडका कागद.

“झालं,” गावकर म्हणाले. “लिहून घेतो मी. तिसरा उमेदवार, चित्रण उपलब्ध नाही.”

“लिहा,” वेदक्का म्हणाली. “पण आधी मावांना एक विचारू द्या. माव, आज पूजेला बसताना संकल्पात काय म्हणालात?”

“हा काय प्रश्न?” भट म्हणाले. पण उत्तर त्यांच्या जिभेवरच होतं. संवत्सर, अयन, ऋतू, आश्विन मास, शुक्ल पक्ष, तृतीया, भानुवासर. साठ वर्षं रोज उच्चारलेला दिवस त्यांच्या तोंडून पाण्यासारखा वाहिला.

“तोच दिवस या यंत्रालाही विचारायचा आहे. तिथं गणपती बसलाय. मी हात लावत नाही. तुम्हीच काढा.”

भटांचा चेहरा सुकलेल्या पानासारखा झाला. ते उठले नाहीत. गावकरांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि पहिल्यांदाच त्यांना संशय कुणाचा घ्यावा ते कळेना.

शेवटी भट उठले. अंगठा ओला केला, नखानं हळूहळू गणपती सोडवला, डोळ्यांना लावला आणि पडद्याच्या वरच्या काठावर दाबून बसवला. खाली कोपऱ्यात तारीख दिसली. मागच्या रांगेतल्या एकानं ती मोठ्यानं वाचली, आणि वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला.

“मीच लावला होता गणपती,” भट म्हणाले. “पंचांगाच्या प्रणालीची मुदत संपली. भाचा म्हणाला, तारीख मागं नेली की त्याला कळत नाही, चालत राहतं. नेली. पण रोज सकाळी बसलो की खोटा दिवस डोळ्यांपुढं. मी संकल्प करून उठणारा माणूस. बघवेना. म्हणून झाकला.” ते वेदक्काकडं वळले. “गौडाचं त्यानं अडतं हे मला ठाऊक नव्हतं. वीरभद्राच्या पायाची शपथ.”

वेदक्कानं तारीख आजची केली. पान ताजं केलं. रडका कागद गेला, आणि माबला उभा राहिला, अंधूक, हलणारा, बहिणीच्या हाताला कंप होता म्हणून. पण आवाजाला कंप नव्हता.

“थांबवा,” गावकर म्हणाले. “कशावरून तारखेनंच झालं? मधे तुम्ही आणखी काही दाबलं असेल.”

याच वाक्याची ती शुक्रवारपासून वाट बघत होती. तिनं खुर्ची सोडली. “भाव, तुम्ही बसा. तारीख मागं न्या. दुसरं काही करू नका.”

गावकर बसले. एका बोटानं चाचपडत तारीख मागं नेली. माबला गेला, रडका कागद आला. पुढं आणली. माबला आला. त्यांनी पुन्हा मागं नेली. तिसऱ्यांदा मागं नेणार तोच भट ओरडले, “अहो पुरे, माराया! गाऊ द्या त्याला.”

तेवढ्यात पडद्यावर पंचांगाची चौकट उगवली. मुदत संपली असं सांगून ती मिटली. भटांनी तिच्याकडं बघितलंही नाही. “जाऊ दे,” ते म्हणाले. “माझा बाप बोटांवर मोजायचा.”

तीन तास बघायचं ठरलं नव्हतं. पण कुणी उठलं नाही.

वेदक्काला मधे खाली पाठवलं, निर्णयाच्या वेळी उमेदवाराच्या घरचं कुणी नको म्हणून. ती अंगणात वाळत घातलेल्या सुपारीजवळ उभी राहिली. दुपार कलली तेव्हा भट खाली आले. हातात तबक, तबकात विडा, वर अख्खी सुपारी. मेळाचा भागवत असाच बोलावतात.

“गौडाचं घर कुठल्या वाटेनं गं? मी कधी गेलो नाही तिकडं.”

तिनं वाट सांगितली. भट दोन पावलं गेले आणि मागं वळले.

“तुला आधीच कळलं होतं, हो ना?”

“हो माव.”

“एकट्याला सांगितलं असतंस तर मी लावली असती तारीख.”

“लावली असती, माव. मग मी चोर ठरले असते.”

भट वळून चालू लागले. त्यांना ते पटलं की राग आला, हे तिला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

घरी सुब्राय ओसरीवरच होता. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं. मग तिनं कमरेची चिठ्ठी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली, बारीक अक्षरं वर येतील अशी.

“ही तारीख तुम्ही बघितली होती?”

“आणली त्याच दिवशी. आकड्यांकडं माझी नजर जातेच.”

“मग?”

“तारखेनं चित्र अडतं हे मला कुठून कळणार?” तो म्हणाला. मग चिठ्ठीकडं न बघता, “पण भटांच्या यंत्रात काहीतरी वाकडं आहे, एवढं कळलं होतं. बुधवारी तू डोकं धरून बसलीस तेव्हा जिभेवर आलं होतं. गिळलं.”

तिनं चिठ्ठी उचलली आणि पुन्हा खिळ्याला टोचली. त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं, ताकातली तंबळी दोनदा विचारली, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी माबला उरलेला फवारा संपवायला आला. मेळ निघायला अजून महिना होता, आणि झाडांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो पाचव्या ओळीत वर होता आणि पुन्हा गात होता. सुब्राय बागेत उतरला. वेदक्का खिडकीशी होती, ती उठून दारात आली. सुब्राय त्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि मान वर करून हाक मारली.

“अहो भागवतरे, जरा खाली या. काढा घेऊ ओसरीवर.”

वीस वर्षं तो त्याला ‘अरे माबला’ म्हणत आला होता; ‘भागवतरे’ ही हाक आजवर रामय्य भागवतांसाठी होती. वरचं गाणं थांबलं. शेंडा हलायचा थांबला. वेदक्का कान देऊन ऐकत राहिली, त्या हाकेत टोमणा होता की मान, आणि तिला, त्याच्या बायकोला, ते ओळखता आलं नाही. वरून माबलाही बघत होता, खाली दोराशी कोण उभं आहे ते. बराच वेळ त्यानं बघितलं.

मग फळी सोडून तो उतरू लागला, एकेक पेरं, सावकाश.